पटकीची लस शोधणारे हाफकिन

पावसाळ्यात मुखेड तालुक्यात उलटी-जुलाबाचे रुग्ण वाढले की गॅस्ट्रोची साथ आली, असे आपण म्हणतो. यातला सर्वांत घातक आजार म्हणजे पटकी, अर्थात कॉलरा. मुंबईत परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे, त्या वाल्डेमार हाफकिन यांनी या आजारावर लस तयार केली.

हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. १८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. धर्मामुळे तिथे प्राध्यापकपद मिळेना. अखेर १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी ग्रंथपालाची नोकरी धरली. फावल्या वेळात ते पाण्यातल्या पॅरामेशियम या एकपेशीय जीवाचा अभ्यास करत. त्याच्या पेशीत राहणाऱ्या जिवाणूंचे वर्णन त्यांनी १८९० मध्ये केले.

पुढे ते पटकीकडे वळले. १८ जुलै १८९२ रोजी पहिली लस त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये भारतात येऊन त्यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना ती टोचली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी काही महिन्यांत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःवर वापरली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगच्या लसीनंतर १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि पद गेले. दोष त्यांच्या लसीचा नव्हता. एक बाटली गावात उघडताना दूषित झाली होती. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

पटकीचा जिवाणू माणसाबाहेरही जगतो, हे नंतर उलगडले. खाडी, नदी, तळ्यांत तो कोपेपॉड या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो. त्याच्याच व्हिब्रिओ कुळातले जिवाणू किनाऱ्यालगतच्या जेलीफिशच्या बुळबुळीत अंगावर सापडतात. म्हणून केवळ लसीने पटकी संपत नाही. बांगलादेशात जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळल्यावर पटकीचे रुग्ण जवळपास निम्मे झाले, कारण हे प्राणी कापडात अडकले. मात्र सुटे जिवाणू गाळणीतून निसटतात. तेव्हा पाणी गाळा, मग उकळा किंवा क्लोरीन टाका. जुलाब लागताच ओआरएस सुरू करा आणि थेट रुग्णालय गाठा.