हातात शस्त्र न घेता

हिंगोलीत पाहुणा आला की आपण त्याला औंढ्याचा नागनाथ दाखवतो, नर्सीला नामदेव महाराजांच्या दर्शनाला नेतो आणि दिवस असले तर दसऱ्याच्या प्रदर्शनातही फिरवून आणतो. पण याच गावात एके काळी फौजेची छावणी होती, हे किती जणींना माहीत आहे? पैसा निजामाचा आणि अधिकारी इंग्रज, अशी ती हैदराबाद कंटिंजंट. तिच्यातूनच पुढे १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचं नाव कुमाऊं रेजिमेंट पडलं.

ही जुनी आठवण काढायचं कारण म्हणजे एक कोल्हापूरकर. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर याच हैदराबाद रेजिमेंटच्या एका पलटणीबरोबर तो आपली पंजाबी पलटण घेऊन लढत होता. त्याचं नाव लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. फौजेत सगळे त्यांना एस. पी. पी. थोरात म्हणूनच ओळखत.

त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ चा, कोल्हापूरजवळच्या वडगावचा. वडील शेतीशास्त्रातले जाणकार. घरात शिक्षणाला मान. मुलगा मात्र निघाला पलटणीत! इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत शिकून १९२६ मध्ये तो अधिकारी झाला. त्या काळी हिंदी माणसाला गोऱ्यांच्या बरोबरीचा हुद्दा मिळणं हीच मोठी नवलाई. हुद्दा मिळाला तरी हा माणूस पलटण सांभाळू शकेल का, अशी शंका घेणारे पावलोपावली भेटत.

या शंकेला उत्तर मिळालं जानेवारी १९४५ मध्ये, आराकानातल्या कांगाव इथे. ५१ व्या ब्रिगेडमधल्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते. हैदराबाद रेजिमेंटच्या पलटणीवर थिमय्या, बलुच पलटणीवर एल. पी. सेन आणि पंजाब पलटणीवर थोरात. जपान्यांनी एक टेकडी घट्ट धरून ठेवली होती. थोरातांच्या जवानांनी चढाई करून ती घेतली. किंमत मोठी द्यावी लागली, कित्येक घरांचे मुलगे परतले नाहीत. पुढे तिघाही प्रमुखांना डी.एस.ओ. हा शौर्याचा मान मिळाला. हिंदी माणसाला पलटण सांभाळता येईल का, हे विचारायची सोयच उरली नाही.

मला मात्र थोरात जास्त आवडतात ते कोरियातले. १९५३ मध्ये तिथलं युद्ध थांबलं, पण मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी मागे राहिले. त्यांना सांभाळायचं कुणी? हे काम भारताकडे आलं. देखरेख मंडळाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि कैद्यांचा सांभाळ करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांना हे पसंत नव्हतं. आपल्या जमिनीवर भारतीय जवानांचा पाय लागू द्यायचा नाही, असा त्यांचा हट्ट. शेवटी जवानांना बोटींवरून थेट हेलिकॉप्टरने छावणीत उतरवावं लागलं.

आणि थोड्याच दिवसांत कैद्यांनी मेजर ग्रेवाल नावाच्या आपल्या अधिकाऱ्याला ओढत कुंपणाच्या आत नेलं. बाहेर बंदुका तयार. गोळीबाराचा हुकूम द्यायला कितीसा वेळ लागतो? पण थोरात स्वतः बिनहत्यारी त्या खवळलेल्या गर्दीत शिरले. त्यांनी बोलणं सुरू केलं, वातावरण निवळेपर्यंत चालू ठेवलं आणि ग्रेवाल यांना सुखरूप बाहेर काढलं. घरात चिडलेलं पोर आणि चिडलेला नवरा यांना एकाच वेळी शांत करणाऱ्या बायकांना कळेल, की आवाज न चढवता जिंकायला केवढी ताकद लागते! या कोरियातल्या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळालं. आज त्यालाच कीर्तिचक्र म्हणतात.

१९५७ मध्ये ते पूर्व विभागाचे सेनापती झाले. चीनच्या सीमेवर नुसतं फिरून परत येणाऱ्यांपैकी ते नव्हते. रस्ते नाहीत, रसद पोचत नाही, मग अगदी सीमारेषेवरची ठाणी टिकणार कशी? शंभर पाहुणे बोलवायचे आणि घरात पीठ दोन किलो, अशातली ती गत. म्हणून खरी लढाई थोडं मागे, आपली रसद पोचेल तिथे द्यावी, असा आराखडा त्यांनी १९५९ मध्ये दिला. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा सराव घेऊन तो पडताळूनही पाहिला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्याची दखल घेतली नाही.

१९६१ मध्ये थिमय्या निवृत्त होताना आपल्या जागी थोरातांचं नाव सुचवून गेले. सरकारने थापर यांना नेमलं. थोरात निवृत्त होऊन घरी आले. पुढच्याच वर्षी चीनने हल्ला केला आणि बरंचसं तसंच घडलं जसं आराखड्यात लिहिलं होतं. मग पंडित नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावून घेतलं. तो आराखडा आपल्यापर्यंत आलाच नव्हता, हे तेव्हा पंतप्रधानांना कळलं. त्या डोंगरात गेलेले जवान मात्र परत येणार नव्हते. किती कुंकवं पुसली गेली असतील, याचा हिशेब कोण देणार?

आपलंच खरं ठरलं, म्हणून दुसरा एखादा माणूस आयुष्यभर चिडून बसला असता. थोरात राष्ट्रीय संरक्षण परिषदेत गेले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून राज्यासाठी लायक माणसं निवडायचं काम त्यांनी केलं. ‘माझी शिपाईगिरी’ या नावाने आठवणी लिहिल्या. १९९२ मध्ये ते गेले.

आज हिंगोलीच्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसलेल्या आपल्या लेकी दिसतात. त्यांना सांगायला हवं, की या आयोगाच्या खुर्चीवर कधी काळी एक शिपाईगडी बसला होता. त्याला हवं ते पद मिळालं नाही, पण हाती आलेलं काम त्याने मन लावून केलं.

आणि आपल्याला काय करता येईल? ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. त्या दिवशी छोटा झेंडा तर लावूच. पण शेजारी एखाद्या माजी सैनिकाची पत्नी पेन्शनच्या कागदांत अडकली असेल, तर तिचा हात धरून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढूया. बिनहत्यारी करण्यासारखं हे काम आपल्याला नक्की जमेल.