पुन्हा लिहिलेला प्रबंध

(द्वितीय वर्ष, कला)

‘प्रबंध’ हा शब्द मी प्रथम ऐकला तो कॉलेजात आल्यावर. आमच्या एका सरांच्या कपाटात सुतळीने बांधलेले टिपणांचे गठ्ठे आहेत. सर कित्येक वर्षे प्रबंध लिहीत आहेत, असे वरच्या वर्गातली मुले हसत हसत सांगत. मीही त्यांच्याबरोबर हसलो होतो.

मग मागच्या पावसाळ्यात आमच्या घराचे छप्पर गळले. अर्थशास्त्राच्या माझ्या दोन वह्या रात्रभर पाण्यात राहिल्या. एकीचा लगदा झाला, दुसरीची शाई फुटली. वर्षभराची टिपणे गेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. असे झाल्यावर पुढे काय करायचे असते, हे विचारावे असे घरात कुणी नव्हते. शिक्षण सोडून कामाला लागावे, असा विचार त्या आठवड्यात दोनदा मनात आला. त्याच सुमारास ग्रंथालयातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र पुन्हा आणले. शाळेत असताना ते वाचले होते. पण तेव्हा चवदार तळे आणि राज्यघटना एवढेच लक्षात राहिले होते. या वेळी मी एकच गोष्ट शोधत होतो. या माणसाने एवढा अभ्यास पुरा कसा केला?

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. आई भीमाबाई लहानपणीच गेली. पुढे हे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत राहू लागले. एकच खोली, तीत चूल, सरपण, माणसे आणि अभ्यास. वडील रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवीत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. पुस्तकासाठी पैसे नसले, की लग्न झालेल्या लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागत, गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. वेळ आणि जागा या उसन्या मिळणाऱ्या वस्तू आहेत, हे भीमरावांना तेव्हापासूनच ठाऊक होते, असे मला वाटते.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील वारले. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीही तीन वर्षांची. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. म्हणजे आरंभापासूनच घड्याळ चालू होते. त्या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम घेतले. शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. १९१५ मध्ये ते एम्. ए. झाले. मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध एका चर्चासत्रात वाचला गेला. उरलेला पैसा जुन्या पुस्तकांवर जाई. निघेपर्यंत सुमारे दोन हजार पुस्तके जमली होती, असे चरित्रकार सांगतात.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी त्यांनी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये सगळे अर्धवट टाकून परतावे लागले. निघताना त्यांनी एक काम विसरता केले नाही. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. मला या चरित्रातली ही फार मोठी गोष्ट वाटते. परिस्थितीमुळे काम थांबवावे लागले, तरी परत यायचे दार त्यांनी उघडे ठेवले, आणि त्या दारावर तारीखही घातली.

ते महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट टॉर्पेडोने बुडाली आणि पुस्तके समुद्रात गेली. हे पान वाचताना मी थांबलो. माझ्या दोन वह्या आणि ती बोट यांची तुलना होऊ शकत नाही, हे मला कळते. तरी ते पान मी दोनदा वाचले.

पुढे बडोद्याला नोकरी लागली. पण जातीमुळे राहायला जागा मिळेना. एका पारशी उतारगृहात नाव बदलून राहिले, तेथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकून आलेला माणूस आपले सामान घेऊन झाडाखाली बसला. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. ते मुंबईला परतले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पगारातून लंडनसाठी पैसे बाजूला काढू लागले. घरी रमाबाई ओढाताणीने संसार चालवीत होत्या. ती शिल्लक त्यांच्याही पोटाला चिमटा घेऊन पडत होती, हे आपण विसरू नये. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या न्यूयॉर्कपासूनच्या मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२० मध्ये भीमराव पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांची मुदत अजून संपली नव्हती.

लंडनमधला त्यांचा दिनक्रम फार साधा होता. सकाळी थोडेसे खाऊन ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचे, ते बंद होईपर्यंत उठायचे नाही. इंडिया ऑफिसच्या आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयांतही बैठक असे. रात्री पापड भाजून, कपभर गरम पेय घेऊन पुन्हा वाचन. यात चमत्कार काही नाही. जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि खर्च ठरलेला.

विषयही ठरलेला होता. जून १९२१ मध्ये त्यांना एम्. एस्सी. मिळाली ती ब्रिटिश हिंदुस्थानातील सरकारी अर्थव्यवस्थेच्या प्रांतिक विकेंद्रीकरणावर. कोलंबियासाठीचा ग्रंथ प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या वाढीवर. लंडनचा मोठा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर. आमच्याकडे म्हणतात तसे, त्यांनी चार विहिरी अर्धवट खणल्या नाहीत; पाणी लागेपर्यंत एकीतच उतरले.

रुपयाचा प्रश्न म्हणजे केवळ आकडेमोड नव्हती. १८९३ मध्ये सरकारने लोकांची चांदी टांकसाळीत पाडून देणे बंद केले. पुढे रुपया सोन्याशी विनिमयदराने बांधला गेला. केन्स यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ या पद्धतीच्या बाजूचे होते. आंबेडकरांनी तिला विरोध केला. रुपया किती पाडायचा, यावर सरकारला सैल हात असू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. रुपयाची किंमत घसरली की भाव आधी चढतात, मजुरी मागाहून वाढते, आणि मधला तोटा मजूर सोसतो. ज्याच्या घरी महिन्याचे किराणा उधारीवर येते, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर झाला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला. ब्रिटिश धोरणावरची टीका त्यांना झोंबली होती, असे चरित्रकार लिहितात. पैसे संपत आले होते, लंडनमध्ये राहणे शक्य नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईला आले. येथे कुणी मार्गदर्शक जवळ नाही, म्युझियम नाही. चाळीतले बिऱ्हाड आणि नव्याने सुरू करायची वकिली. तेथेच त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला आणि लंडनला पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी. एस्सी. ही पदवी मिळाली. वर्षअखेर ग्रंथही छापून झाला. त्याला मार्गदर्शक प्रा. कॅनन यांची प्रस्तावना आहे. तीत त्यांनी अनेक मतांशी आपला मतभेद मोकळेपणाने नोंदवला आहे आणि विचारांच्या ताजेपणाचे कौतुकही केले आहे.

कोलंबियाची पीएच्. डी. तर त्याहून उशिरा मिळाली. ग्रंथ छापून प्रती दिल्याशिवाय पदवी नाही, असा तेथला नियम. तो ग्रंथ १९२५ मध्ये निघाला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. अमेरिका सोडल्याला अकरा वर्षे झाली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला होता. म्हणजे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा बाबासाहेबांच्या एका पदवीचे काम अजून चालूच होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढचे आयुष्य सर्वांना माहीत आहे, ते मी येथे लिहीत नाही.

रुपयाच्या प्रश्नावरचा तो ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. हे वाचले आणि मला एक गोष्ट आठवली. वह्या भिजल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडले होते. माझ्या वडिलांनी दुसरी वही सोडवून एकेक पान अंगणात वाळत घातले होते. त्यांना वाचता येत नाही, आकडे मात्र ओळखता येतात. संध्याकाळी त्यांनी कोपऱ्यातले आकडे पाहून पाने ओळीने लावली, वर पाटा ठेवला आणि मला काही न बोलता कामाला गेले. मी रागात होतो, मी ती उघडून पाहिली नव्हती.

आता मित्राची वही आणून ती टिपणे पुन्हा लिहितो आहे. रोज चार पाने, ग्रंथालयातील खिडकीजवळच्या टेबलावर. निम्मी झाली आहेत. समोरच्या टेबलावर पुष्कळदा आमचे सर बसलेले असतात, सुतळी सोडून गठ्ठा उघडलेला असतो. मी आता हसत नाही.