आपल्या पीएचसीचा नकाशा काढणारा माणूस नाशिकचा होता

पेठ-सुरगाण्याकडं गाडी नेली की रस्त्याच्या कडेला प्राथमिक आरोग्य केंद्राची पाटी दिसते. आपण तिला पीएचसी म्हणतो. सरकारी खर्चानं गावोगावी असं केंद्र हवं, हा हिशोब मांडणाऱ्या समितीचे प्रमुख जोसेफ भोर. त्यांचा जन्म 1878 सालचा, नाशिकचाच. पण आपल्याकडं त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.

शिक्षण पुण्यात डेक्कन कॉलेजला, पुढं लंडनला. 1902 मध्ये ते आयसीएस झाले. 1914 ते 1919 कोचीन संस्थानचे दिवाण होते. नंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात व्यापार आणि रेल्वे खातं त्यांच्याकडं आलं, इंग्रज सरकारनं सर ही पदवीही दिली. म्हणजे माणूस पक्का साहेब. डॉक्टर तर नव्हतेच, डॉक्टर होत्या त्यांच्या पत्नी मार्गारेट.

1943 मध्ये, पासष्टीच्या वयात, देशाच्या आरोग्याची पाहणी करणारी समिती त्यांच्याकडं सोपवली गेली. अहवाल 1946 ला आला, चार खंडांचा. त्यातले आकडे बघा. जन्मलेल्या 1000 पोरांपैकी 162 वर्षाच्या आत जात होती. सरासरी आयुष्य 27 वर्षं. 6300 माणसांमागं एक डॉक्टर, 43000 मागं एक नर्स. त्यातही बहुतेक डॉक्टर शहरात. खेड्यातल्या बाईला बाळंतपणाला गावची दाई, नाहीतर देव.

भोर समितीनं सांगितलं ते असं, की खिशात पैसा नाही म्हणून कुणाचा उपचार अडता कामा नये आणि खर्च सरकारनं उचलावा. सुरुवातीला 40000 लोकांमागं एक केंद्र धरलं. त्यात 2 डॉक्टर, 4 आरोग्य परिचारिका, 4 सुईणी आणि 4 शिकवून तयार केलेल्या दाया. मला यातल्या दायांचं जास्त वाटतं. एवढा मोठा साहेब, पण गावच्या दाईला बाजूला न सारता तिला शिकवून पगारपत्रकावर घ्यायचा विचार त्याच्या अहवालात आहे. शिवाय गावागावात पाच ते सात जणांची आरोग्य समितीही सुचवली होती.

सगळंच एकमतानं झालं नाही. कमी मुदतीचा कोर्स केलेले डॉक्टर बंद करून फक्त पदवीवाले ठेवायचे, असं बहुमतानं ठरलं. सहा सदस्यांनी विरोध नोंदवला. खेड्यांना त्याचा फटकाच बसला असं माझं मत. पदवीवाला डॉक्टर पाड्यावर राहायला तयार होतो का, ते आपण बघतोच.

पैशाचं तर विचारूच नका. एकूण सरकारी खर्चाचे 15 टक्के आरोग्यावर लागावेत असं अहवालात होतं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांसाठी 8 टक्क्यांच्या वरचं लक्ष्य ठेवलंय. सत्तर वर्षांनी आकडा जवळपास निम्मा!

पहिली केंद्रं 1952 च्या 2 ऑक्टोबरपासून सुरू झाली. 1977 मध्ये गावातलाच माणूस निवडून, तीन महिने शिकवून आरोग्यसेवक करायची योजना आली. त्याला महिन्याला 50 रुपये. 2005 पासून आशाताई आल्या, साधारण 1000 लोकसंख्येमागं एक. त्यांनाही पगार नाही, कामावर मोबदला.

भोर 1960 मध्ये वारले. आमच्या वस्तीवर मागच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी असताना पोरांच्या तापाची यादी करत आशाताई घरोघर फिरत होती. चहाला बसली तेव्हा सहज विचारलं, तर दोन महिन्यांचा मोबदला यायचा बाकी होता.