गवताला कोणता रोग? विचारा आघारकरांना!

हिवरे बाजारला गेलात, तर चराईबंदी करून राखलेलं डोंगरावरचं गवत बघा. असं गवत पिवळं पडलं, तर कारण पाणी की बुरशी? नुसतं बघून सांगता येत नाही. रोगट तुकड्यावरची बुरशी प्रयोगशाळेत वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखावी लागते. पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे हे काम होतं.

पण आघारकर कोण, माहितीये?

शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म १८८४, मालवणचा. वनस्पतिशास्त्र शिकायला जर्मनीला गेले आणि पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्ध केलं गेलं. तुम्ही-आम्ही शिक्षणाचा नाद सोडला असता. ते बर्लिनची पीएचडी घेऊनच परतले. पुढे कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक म्हणून काम केलं.

खरी गंमत नंतरची. साठी उलटल्यावर, १९४६ मध्ये, त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची उभारणी हाती घेतली. १९६० मध्ये ते गेले. १९९२ मध्ये विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

तेव्हा अंदाजानं औषध फवारण्याआधी थांबा. रोगाचं नाव विचारायला एक दार आहे. ते एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं उघडून ठेवलंय.