सत्ताधीशाला दोषी ठरविणारा न्यायाधीश

आरोपी खुद्द सत्तेवर असतो, तेव्हा फौजदारी न्यायव्यवस्थेची खरी कसोटी लागते. पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे या कसोटीस पुरेपूर उतरले.

साताऱ्याजवळील माहुली हे त्यांचे गाव. काशीत शास्त्राध्ययन करून ते पुण्यास आले. १७५१ मध्ये पेशव्यांच्या सेवेत रुजू झालेले रामशास्त्री १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. त्या काळी लिखित दंडसंहिता नव्हती; धर्मशास्त्र आणि रूढी यांच्या आधारे निवाडे होत. न्यायाधीशाची नेमणूकही पेशवेच करीत. साहजिकच न्यायासनाचे स्वातंत्र्य त्यावर बसणाऱ्याच्या निःस्पृहतेवर अवलंबून असे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांची हत्या केली आणि त्यांचे चुलते रघुनाथराव पेशवेपदी आले. रामशास्त्रींनी चौकशी मारेकऱ्यांपाशी न थांबविता कटाच्या मुळापर्यंत नेली. रघुनाथरावांना दोषी ठरवून त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सुनावले. मात्र, शिक्षा अमलात आणण्याचा अधिकार दोषीच्याच हाती होता. तेव्हा रामशास्त्रींनी पदत्याग करून पुणे सोडले.

पुढे बारभाईंनी कारभार हाती घेतल्यावर त्यांना सन्मानाने परत बोलावण्यात आले. १७८९ मध्ये त्यांचे निधन झाले. रघुनाथरावांना ती शिक्षा कधीच झाली नाही. परंतु त्यांच्या नावावरील दोषाचा डाग तो निवाडा आजही पुसू देत नाही.