तुळाजी आंग्रे : बंदरात जळालेले आरमार

लंडनमधील ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात डॉमिनिक सेरेस या चित्रकाराचे एक तैलचित्र आहे. सेरेस तरुणपणी स्वतः दर्यावर्दी होता. पुढे इंग्लंडमध्ये जहाजांचा चित्रकार म्हणून त्याने मोठे नाव मिळवले. १७७१ साली काढलेल्या या चित्राचा विषय आहे घेरियाचा पाडाव. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. इंग्रजांसाठी ते विजयाचे चित्र. मराठी माणसाला मात्र त्यात तुळाजी आंग्रे आठवतात.

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागापासून समुद्र शेकडो मैल दूर. नागपूरकर भोसल्यांच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतात, आंग्र्यांच्या फारशा नाहीत. म्हणून ही ओळख.

सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाला आंग्र्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा लागे. त्यांच्यामागे थोरले सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि भावाभावांत वाटणीचा तंटा उभा राहिला. मानाजींनी कुलाबा धरला, संभाजींनी विजयदुर्ग. पेशवे मानाजींच्या पाठीशी राहिले. एका आरमाराची दोन झाली.

१७४२ मध्ये संभाजी वारले आणि विजयदुर्ग तुळाजींकडे आला. शाहू महाराजांनी त्यांना सरखेली दिली. १७४५ मध्ये त्यांनी सिद्दीकडून अंजनवेल जिंकून घेतले. १७४९ मध्ये कंपनीचे 'रेस्टोरेशन' हे जंगी जहाज पकडून आपल्या ताफ्यात आणले. वडिलांचा दरारा त्यांनी पुन्हा बसवला.

तुळाजी शूर होते, तसेच हट्टीही. शाहू महाराजांनंतर सत्ता पुण्याकडे गेली, पण पेशव्यांचा हुकूम त्यांनी मानला नाही. नानासाहेब पेशव्यांनी या घरच्या भांडणात इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज होती. तुळाजी किल्ला नातलगाच्या हाती सोपवून पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेले होते. तोफांचा मारा सुरू झाला आणि एक पेटता गोळा नेमका 'रेस्टोरेशन'वर पडला. गुराबा, गलबते जवळजवळ नांगरलेली होती. आग एकीवरून दुसरीवर गेली आणि सारे आरमार बंदरातच जळाले. १३ फेब्रुवारी १७५६ रोजी किल्ला पडला.

विजयदुर्ग इंग्रजांनी लगेच सोडला नाही. काही महिन्यांनी तह झाल्यावर तो पेशव्यांना मिळाला. पुढे धुळपांनी तेथे पेशव्यांचे आरमार नावारूपाला आणले. इंग्रज मात्र किनाऱ्यावर मोकळे झाले होते. दीड वर्षाच्या आत हाच क्लाइव्ह प्लासी जिंकला. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत, एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर गेले. ते पुन्हा समुद्रावर गेले नाहीत.

चूक कोणाची, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. तुळाजींनी नमते घेतले असते तर, पेशव्यांनी परक्याला बोलावले नसते तर, असे दोन्ही बाजूंनी म्हणता येते. मात्र ज्या लढाईचे चित्र इंग्रजांनी अभिमानाने भिंतीवर लावले, तिची पहिली ठिणगी भावाभावांच्या वाटणीत पडली होती. गणरायासमोर एकत्र बसताना एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.