कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती

आमच्या शाळेतून उत्तीर्ण होऊन जे विद्यार्थी महाविद्यालयात प्रवेश घेतात, त्यांतील पुष्कळांना पहिल्याच सत्रात शिक्षणशुल्काच्या सवलतीचा एक अर्ज भरावा लागतो. वडिलांच्या उत्पन्नाचा तहसीलदारांकडील दाखला, रहिवासाचा दाखला, गुणपत्रिका असे कागद त्याला जोडावे लागतात. त्या योजनेच्या नावात एका राजाचे नाव गोवलेले आहे : राजर्षी छत्रपती शाहू महाराज. अर्ज भरण्याच्या घाईत त्या नावाकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि विचारले असता कित्येक मुले शिवछत्रपतींच्या नातवाचे, म्हणजे साताऱ्याच्या शाहूंचे, नाव सांगतात. ते शाहू निराळे. ज्यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सांगणार आहो, ते कोल्हापूरचे छत्रपती होत, आणि त्यांचे नाव त्या योजनेस केवळ शोभेकरिता दिलेले नाही.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या अखेरीस अहमदनगर येथे नजरकैदेत मरण पावले, तेव्हा गादीस वारस उरला नाही. त्यांच्या राणीसाहेब आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांस दत्तक घेतले आणि दहा वर्षांचाही न झालेला हा मुलगा शाहू छत्रपती झाला. आई तत्पूर्वीच निवर्तली होती. दत्तविधानानंतर थोड्याच काळात वडीलही गेले. राजवैभव लाभले, परंतु आईबापांचे छत्र हरपले. प्रारंभीचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाड येथे फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला, आणि २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्याची सूत्रे त्यांनी हाती घेतली.

कोल्हापूर हे तेव्हा विद्येच्या बाबतीत अगदीच मागासलेले संस्थान होते असे नाही. रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८५२ पासून तेथे शाळा चालविण्यास आरंभ केला होता, आणि १८८० मध्ये राजाराम महाविद्यालयही स्थापन झाले होते. शाळा होत्या, महाविद्यालय होते. पण त्यांत शेतकऱ्याचा, कोष्ट्याचा, धनगराचा, महारामांगाचा मुलगा क्वचित दिसे. त्याचा परिणाम कारभारात उमटला होता. महाराज गादीवर आले त्या वर्षी दरबारच्या सामान्य कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच वर्गाचे लोक होते. तरुण राजाने राज्यात हिंडून खेड्यापाड्यांतील रयतेची स्थिती डोळ्यांनी पाहिली होती. ज्या रयतेच्या घामातून खजिना भरतो, तिला त्या खजिन्याच्या कचेरीत साधा कारकून होण्याचीही पात्रता येऊ नये, ही गोष्ट त्यांच्या मनाला डाचू लागली.

आता आमच्या वाचकांनी येथे क्षणभर थांबून एका गोष्टीचा विचार करावा. महाविद्यालयाचे दार कायद्याने कोणासही बंद नव्हते. मग खेड्यातील हुशार मुलगा आत का शिरत नव्हता? फी भरणे कठीण, हे एक कारण खरे. परंतु फीपेक्षाही मोठी अडचण पोटाची आणि पाठ टेकण्याच्या जागेची होती. वीस-पंचवीस कोसांवरून आलेल्या पोराने कोल्हापुरात उतरावे कोठे आणि जेवावे कोठे? गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवू शके. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे त्याचे सात दिवस निघत, आणि हालअपेष्टा सोसून का होईना, तो शिके. शेतकऱ्याच्या मुलास ही सोय नव्हती. अस्पृश्य मानलेल्या मुलास तर शहरात भाड्याने खोलीही मिळत नसे. ज्ञानाचे दार उघडे होते, पण त्या दारापर्यंत येऊन रात्र काढावयाची कोठे, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

महाराजांना हे एकदम उमगले असे नव्हे. १८९६ मध्ये त्यांनी राजाराम महाविद्यालयाला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक सामायिक छात्रालय काढले. हेतू उदार होता. परंतु थोड्याच वर्षांत ते एकाच वर्गाच्या मुलांनी भरून गेले. ज्यांच्याकरिता ते मुख्यत्वे काढले होते, ते बाहेरच राहिले. दुसरा एखादा राजा असता, तर हे लोक शिकू इच्छीतच नाहीत असा शेरा मारून मोकळा झाला असता. महाराजांनी आपल्या योजनेतच दोष कोठे आहे ते शोधले. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात एका पंक्तीला बसण्याचा प्रश्न सुटल्यावाचून सामायिक छात्रालय चालणे शक्य नव्हते, आणि तो प्रश्न सुटेपर्यंत एका पिढीने अडाणी राहावे हे त्यांना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी निराळा मार्ग पत्करला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैनांचे निघाले. पुढे मुसलमानांचे, लिंगायतांचे, दैवज्ञांचे, शिंप्यांचे, ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे, असे एकामागून एक वसतिगृह उभे राहिले. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांकरिता मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला दिले होते. कोणास जागा, कोणास इमारत, कोणास वार्षिक उत्पन्न, अशी मदत दरबारातून मिळे. आणि त्या त्या समाजातील सुखवस्तू लोकांनाही महाराज वर्गणी घालावयास लावीत. कोल्हापूर हे वसतिगृहांचे माहेरघर झाले, आणि नाशिक, पुणे येथील तशाच संस्थांनाही महाराजांचा हात लागला.

जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेद बळकट केला, असा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला व आजही कोणी घेतात. आम्हांस तो सर्वस्वी निराधार वाटत नाही. परंतु ज्या घरात शिडी नाही त्या घरातील मुलाने माळ्यावर कसे चढावे, हे आक्षेपकांनी सांगितलेले आमच्या वाचनात नाही. शिवाय महाराज तेथेच थांबले नाहीत. १९११ मध्ये त्यांनी अस्पृश्य मुलांची फी माफ केली, आणि १९१९ मध्ये त्यांच्या निराळ्या शाळाच बंद करून सर्व मुलांना एका शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. पंक्तीभेद मोडण्याचे सामर्थ्य येईपर्यंत त्यांनी धीर धरला. ते येताच क्षणाचाही विलंब केला नाही.

वसतिगृहांचे काम सुरू झाले त्याच सुमारास, १९०२ मध्ये, बादशहा सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणाच्या समारंभासाठी महाराज विलायतेस गेले होते. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. ही सन्मानाची पदवी दिली. ते तिकडे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापुरात त्यांचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निदान निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील सुशिक्षितांना द्याव्यात. जाहीरनाम्याचा व वसतिगृहांचा संबंध लक्षात घेण्यासारखा आहे. शिकलेल्यास नोकरीची आशा नसेल तर गरीब बाप मुलास शेतातून काढून शहरात का धाडील? आणि वसतिगृह नसेल तर राखून ठेवलेल्या जागांवर बसावयास माणसे कोठून येतील? एका हाताने दार उघडणे आणि दुसऱ्या हाताने वाटेवर धर्मशाळा बांधणे, अशी ती दुहेरी योजना होती. या कामी त्यांना विरोधही तीव्र झाला. वेदोक्ताचा वाद, वृत्तपत्रांतील टीका, या गोष्टी मोठ्यांच्या इतिहासात विस्ताराने आहेत. येथे त्यांचा उल्लेख पुरे.

उच्च शिक्षणाची शिडी उभी करूनही तिची खालची पायरी कच्ची आहे, हे महाराजांच्या ध्यानात होते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले होते. ब्रिटिश मुलखात नामदार गोखले यांनी १९११ मध्ये तसे विधेयक मांडले, पण ते फेटाळले गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला. त्या काळी १ रुपया ही मजुराच्या घरात लहान रक्कम नव्हती. आरंभी या कायद्याखालील शाळा ३० सुद्धा नव्हत्या. १९२१-२२ पर्यंत त्या ४०० च्या वर गेल्या.

दुसऱ्यांच्या घरी जे सांगितले ते महाराजांनी आपल्या घरीही केले. १९१८ मध्ये त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीच्या वेळी अपघाताने मृत्यू पावले. मागे राहिलेली सून इंदुमती अगदी कोवळ्या वयाची होती. राजघराण्यातील विधवेने पडद्याआड बसून दिवस कंठावेत, ही रूढी. महाराजांनी पुत्रशोक गिळून, घरच्यांची नाराजी पत्करून, तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली व तीवर स्वतः लक्ष ठेवले. त्यांच्या सर्व कृत्यांत आम्हांस हे सर्वांत कठीण वाटते.

१९२० च्या मार्च महिन्यात कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. तीत डॉ. भीमराव आंबेडकर या तरुण विद्वानाकडे पुढारीपण सोपवावे, असे महाराजांनी जाहीरपणे सांगितले. डॉ. आंबेडकर स्वतः बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेस जाऊन शिकून आले होते. त्यांच्या 'मूकनायक' पत्रास व विलायतेतील अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणास शाहू महाराजांनी द्रव्यसाहाय्य केले. पुढे भारताच्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, त्यांच्या शिक्षणात दोन मराठी संस्थानिकांचा पैसा खर्ची पडला आहे.

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे महाराजांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ४७ वर्षांचे होते.

त्यांनी लावलेल्या झाडाची एक फांदी आमच्या दारापर्यंत आलेली आहे, ती कशी ते सांगतो. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात भाऊराव पायगोंडा पाटील नावाचा एक कुंभोजचा मुलगा होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास तो गेला आणि परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचे त्याने नाकारले. त्याबद्दल त्याला बोर्डिंगातून काढून टाकण्यात आले. त्यास महाराजांनी आश्रय दिला. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले; १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव दिले गेले. कोल्हापुरात १८९६ साली जे साधले नव्हते, ते साताऱ्यास साधले. मुले स्वयंपाक स्वतः करीत, शेतात राबून आपला खर्च काही अंशी स्वतः भागवीत. त्या रयत संस्थेचेच महात्मा फुले महाविद्यालय आज आमच्या पिंपरीत आहे.

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि अलीकडे चाकण येथे जी वस्ती वाढली, ती बहुतांशी परगावाहून पोटाकरिता आलेल्यांची आहे. १९५४ मध्ये पिंपरीस औषधांचा सरकारी कारखाना निघाला, त्यानंतर मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, आणि सातारा, कोल्हापूर, मराठवाडा येथील माणसे येथे येऊन राहिली. आमच्या शाळेतील पुष्कळ मुलांचे वडील अशाच कारखान्यांत पाळीने कामास जातात. कित्येक ठेकेदाराच्या हाताखाली असतात व त्यांचा पगार कायम नसतो. दहावीचा निकाल लागला, की या घरांत जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो : मुलास लगेच एखाद्या वर्कशॉपात चिकटवावे, की आणखी चार वर्षे शिकू द्यावे? पालकहो, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी कोणती मदत मिळू शकते ते विचारून घ्या, एवढीच आमची विनंती आहे.

पूर्वी जिला ईबीसी सवलत म्हणत, त्या परंपरेतील मदतीस राज्य सरकारने २०१६ मध्ये व्यापक रूप देऊन शाहू महाराजांचे नाव दिले. अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिक्षणशुल्काचा निम्मा भार या योजनेत सरकार उचलते. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पुढे वाढवीत ८ लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली. २०२४ च्या जुलैमध्ये सरकारने ठराव केला, की त्याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्णपणे माफ असावे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांकरिता भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती निराळी आहे. हे सर्व अर्ज महाडीबीटी नावाच्या सरकारी संगणकीय व्यवस्थेतून करावे लागतात, आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर न काढल्यामुळे हातचा लाभ गेल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात.

फी माफ झाली तरी परगावी राहावयाचे कोठे व जेवावयाचे काय, हा कोल्हापूरचा प्रश्न उरतोच. त्याकरिता सरकारने दुसरी योजना केली आहे. तीत अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना वसतिगृहाच्या खर्चासाठी निर्वाह भत्ता मिळतो. विदर्भातील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा व वसतिगृहे काढणाऱ्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव तिला दिलेले आहे. तिचा अर्जही त्याच ठिकाणी भरावयाचा असतो.